सतरा बायका, मी एकटीच

आमच्या भागातल्या वाचनालयातून मी दर दिवाळीला एक-दोन अंक आणते. त्यात कुणी निवृत्त फौजदार, कुणी डॉक्टर आपल्या नोकरीच्या गोष्टी लिहितात. सगळ्यांच्या गोष्टीत शेवटी त्यांचंच बरोबर निघतं. ते वाचून मलाही लिहावंसं वाटायचं, पण माझ्या नोकरीत माझं बरोबर निघणं कुणाला नकोच होतं. मला पगार चुकण्याचा मिळायचा. तेव्हा हे मी नातीच्या जुन्या वहीच्या कोऱ्या पानांवर लिहिते आणि वही ज्वारीच्या डब्यामागे ठेवते. शाळा चौथीपर्यंत झाली. शुद्धलेखनात तेव्हाही मला दहापैकी चार मिळायचे.

माझं माहेर माण तालुक्यात, दहिवडीपासून आत. लग्न होऊन सांगलीला आले. विश्रामबागेच्या मागच्या बाजूला एक लहान कारखाना होता. तिथे मी झाडलोट आणि चहा करायचे. कारखान्यात मोटरच्या पेट्या बनायच्या. ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगते. पाण्याची मोटर खाली विहिरीत किंवा बोअरमध्ये असते आणि ती चालू-बंद करायची लोखंडी पेटी वर भिंतीवर असते. हिरवं बटण दाबलं की मोटर चालू, लाल दाबलं की बंद. वर दोन-चार दिवे आणि एक हलणारा काटा. लोक त्याला स्टार्टर म्हणतात, आम्ही पेटीच म्हणायचो.

मालकांना आम्ही नुसतं साहेब म्हणायचो. त्र्याण्णव-चौऱ्याण्णव साल असेल, त्यांची पुतणी मेधा मॅडम शिक्षण संपवून कारखान्यात आली. वस्तू कशी असावी, याचंच म्हणे शिक्षण होतं. मला तोवर वाटायचं, वस्तू आपली आपण असते.

मॅडमनी पहिल्याच महिन्यात परत आलेल्या पेट्या उघडून पाहिल्या आणि साहेबांना म्हणाल्या, "काका, यातल्या निम्म्या बिघडलेल्याच नाहीत. लोकांना त्या वापरता येत नाहीत."

"मग लोक बदल," साहेब म्हणाले.

"पेटी बदलणं सोपं आहे. पण आधी बघायला पाहिजे, लोक नेमके कुठे चुकतात."

चुकणारं माणूस लांब शोधायला नको होतं. मी चहाचा ट्रे घेऊन दारातच उभी होते.

मॅडमनी साडीच्या खोक्याला औषधाच्या बाटल्यांची बुचं चिकटवून एक खोटी पेटी केली होती. मला खुर्चीवर बसवलं. कारखान्यात खुर्चीवर बसायची माझी ती पहिलीच वेळ. मी अर्ध्याच खुर्चीवर बसले.

"शालनताई, समजा ही मोटरची पेटी आहे. चालू करा."

"मॅडम, हा साडीचा खोका आहे."

"समजा म्हटलं ना."

"समजलं. पण खोकाच आहे."

मग त्यांनी सांगितलं, दाबताना मनात जे येईल ते मोठ्यानं बोलायचं. मनात आलेलं मोठ्यानं बोलायची सवय असती तर सासरी माझा निभाव लागला नसता. मी गप्प बसून एक बूच दाबलं. ते सरळ आत गेलं. मी म्हणाले, "चुकलं." मॅडमनी वहीत काहीतरी लिहिलं आणि म्हणाल्या, "फार छान." लग्न झाल्यापासून माझ्या चुकीला छान म्हणणारं ते पहिलं माणूस.

तेव्हापासून माझं कामच ते झालं. नवी पेटी आली की मॅडम घड्याळ घेऊन बसायच्या आणि मी चुकायचे. कुठे हात थबकला, कोणतं बटण आधी दाबलं, किती वेळ लागला, सगळं वहीत जायचं. मग मॅडम बटणं मोठी करायच्या, जागा बदलायच्या आणि मला परत बसवायच्या. एक दिवस माझी एकही चूक झाली नाही. मॅडमचा चेहरा उतरल्यासारखा वाटला. दुसऱ्या दिवशी मी दोन चुका मुद्दाम केल्या. मॅडमनी त्या खाली रेघ मारून लिहून घेतल्या. मला बरं वाटलं. पुढे जे झालं त्याचं मूळ इथेच असावं.

मग मॅडम गावोगाव जायला लागल्या आणि पिशवी धरायला मला नेऊ लागल्या. पाटणच्या बाजूला एका शेतकऱ्याची तक्रार होती की पेटीचे दिवेच दिसत नाहीत. जाऊन पाहिलं तर पेटीला खताची रिकामी पिशवी घालून वर सुतळीने आवळून बांधलेली. "पाऊस लागतो तिला," तो म्हणाला. "दिवे आत आहेत, दादा," मॅडम म्हणाल्या. "म्हंजे भिजत न्हाईत," तो समाधानाने म्हणाला. मॅडम त्याला हसल्या नाहीत, दोन तास बसून विचारत राहिल्या. पुढच्या पेटीला वरून पत्र्याची पडवी आली. साहेबांनाही पटलं की विचारून फायदा होतो.

त्यानंतर माणचं काम निघालं. आमच्या माणमध्ये पाण्याचा भरवसा नाही. बोअरचं पाणी मध्येच खाली जातं आणि मोटर कोरडी फिरत राहते. तशी फिरली की जळते. आपोआप बंद होणारी पेटी ग्रामपंचायतींना परवडत नव्हती. म्हणून मॅडमनी ठरवलं की पाणी संपलं की पेटीवर एक दिवा लागेल आणि मोटर चालवणारी बाई तो पाहून लाल बटण दाबेल. पुरुष बहुतेक मुंबईला, त्यामुळे पुष्कळ गावांत मोटरवर बाईच असायची. तो दिवा कसा असावा, कोणत्या रंगाचा, कुठे, हे त्या बायकांनाच विचारायचं होतं. मॅडमनी आठ प्रश्नांचा फॉर्म केला. चार गावं, वीस बायका.

"तुम्हीच जा, ताई. तुमचा मुलूख आहे. मी गेले तर बायका बोलायच्या नाहीत."

मॅडमना एक गोष्ट माहीत नव्हती. बायका माझ्याशी बोलल्या असत्या, पण मी बायकांशी बोलणार नव्हते. पाहुण्यांकडे गेले तर पाणी मागायची मला लाज वाटते. पण नाही म्हणायची त्याहून जास्त वाटते. म्हणून मी गेले.

पहिल्या गावात टाकीपाशी बायका धुणं धूत होत्या. मी फॉर्म काढला तशा त्या भोवती गोळा झाल्या. कुणाची लेक, कुठं दिली, पोरं किती, पगार किती, सगळं त्यांनीच मला विचारून घेतलं. मी कसाबसा रंगाचा प्रश्न विचारला तर एक म्हणाली, "रंग कशाला गं? लुगडं घ्यायचं हाय का पेटीला?" सगळ्या हसल्या. माझे कान तापले.

तिथे तिघींचेच फॉर्म झाले. त्यातल्या एकीला मी विचारलं, धोक्याचा रंग कुठला? ती म्हणाली, "लाल सोडून कुठला बी."

"लाल का नको?"

"लाल वंगाळ कसा आसंल? कुकू लालच की."

मला वाटलं, हिला प्रश्न कळला नाही. सांगलीत आमच्या चौकातला दिवा लाल झाला की सगळे थांबतात, एवढं मला माहीत होतं. मी तिचं उत्तर सुधारून 'लाल' लिहिलं.

दुसऱ्या गावाला मी गेलेच नाही. दहिवडीच्या स्टँडवर लिंबाखाली बसले आणि उरलेले सतरा फॉर्म तिथेच भरले. मनाची समजूत घातली की मी माणचीच, या बायका काय सांगणार ते मला ठाऊक आहे. आणि मेहनत थोडी घेतली नाही. दोन पेनं वापरली, अक्षर बदललं. चुलतबहिणी, शाळेतल्या मैत्रिणी, नणंदा, सगळ्यांना मोटर चालवायला लावली. एका गावात हौसाबाई नावाची बाई मोटरवर आहे, असं शेजारी बसलेल्या म्हातारीनं सांगितलं, तर तिचंही नाव घातलं. धोक्याचा रंग सगळ्यांचा लाल. पण सगळ्याच कशा लाल म्हणतील, म्हणून एकीला पिवळा दिला. तिच्यासाठी नाव सुचेना, म्हणून आजीचं घातलं. आजी वारून तेव्हा नऊ वर्षं झाली होती.

मॅडम खूश झाल्या. त्यांनी चौकटीच्या कागदावर रंगीत पेन्सिलीनं रकाने काढले आणि भिंतीवर चिकटवले. वीसपैकी एकोणीस लाल. फक्त त्या पिवळ्या बाईपाशी त्या अडून बसल्या. "सगळ्यांहून वेगळं सांगणारी बाई महत्त्वाची असते, ताई. मला तिला भेटायचंय."

"ती मुंबईला गेली, मॅडम. मुलाकडे."

"परत आली की सांगा."

मी बरं म्हटलं.

दहा पेट्या तयार झाल्या. बरोबर मध्यभागी गोल लाल काच, आत दिवा. चार गावांत त्या चाचणीला बसवल्या. दोन महिन्यांनी साहेबांना पत्र आलं की हौसाबाईच्या गावची मोटर जळली. दिवा लागला होता, तरी बाईनं मोटर बंद केली नाही. बाईला कामावरून काढायचं ठरतंय, पण त्याआधी कंपनीनं येऊन पेटी चांगली होती की नाही ते सांगावं.

मी त्या दिवशी चहात साखर घालायला विसरले.

मॅडम आणि मी गेलो. उन्हाळा होता. मोटर जळल्यापासून गावातल्या बायका दोन मैलांवरून पाणी आणत होत्या. त्या वाटेत दिसत होत्या, डोक्यावर दोन घागरी, कडेवर एक. पंचायतीच्या खोलीत सरपंच आबा, पंचवीस-तीस माणसं, आणि दारापाशी जमिनीवर पन्नाशीची एक किडकिडीत बाई. तीच हौसाबाई. नवरा गेलेला, दोन्ही मुलगे मुंबईला आणि तिकडचेच झालेले. मोटरचं काम आणि चार शेरडं, यावर तिचं चालायचं.

आबांनी विचारलं, "हौसे, बत्ती लागली हुती का न्हाई?"

"लागली हुती की."

"मग बंद का न्हाई केलीस?"

"बंद कशापायी करू? चांगली लाललाल लागली हुती. म्या हात जोडलं."

खोलीत हशा झाला. हौसाबाई हसली नाही. म्हणाली, "आवं, पेटी बशिवली तवा नारळ तुमीच फोडला न्हवं का? म्या हळदकुकू लावलं. दर मंगळवारी लावती. ती गोल काच हाय मधोमध, कपाळावानी. तितं न्हाई लावायचं तर कुठं लावायचं? आन् त्या दिवशी कुकवाच्या आतनं उजेड पडला. म्या म्हटलं, आसरा पावल्या."

आसरा म्हणजे पाण्यातल्या साती देवता. आमच्याकडे कुठल्याही विहिरीवर त्यांचे शेंदूर लावलेले सात दगड असतात. बोअरला दगड मांडायला जागा नाही, म्हणून हौसाबाईनं पेटीलाच मान दिला होता.

"आसरा पावल्या आन् मोटर जळली," आबा म्हणाले. पुन्हा हशा.

मॅडम मात्र गोंधळल्या. त्यांनी फाईल उघडली. बाईला अडकवावं असं त्यांच्या मनात नव्हतं, त्यांना कोडं सुटत नव्हतं एवढंच. "पण हौसाबाई, हा तुमचाच फॉर्म आहे ना? धोक्याचा रंग लाल, असं तुम्हीच सांगितलंय."

"झालं मग," आबा मांडीवर हात मारून म्हणाले. "म्हंजे म्हाईत हुतं. मिटलं. उद्यापासनं मोटरला हात लावायचा न्हाई, हौसे."

हौसाबाई उठून उभी राहिली. "म्या कवा सांगितलं? कुनी इचारलं मला?"

मॅडमनी माझ्याकडे बोट केलं. "या ताईंनी."

हौसाबाईनं मला खालून वर पाहिलं. "ही बाय म्या आजच बघती हाय."

चारचौघांत मी आयुष्यात एकदाच बोलले होते, लग्नात नाव घेताना, आणि तेही मैत्रिणीनं कानात सांगितलेलं. इथे कानात सांगणारं कुणी नव्हतं. गप्प राहिले असते तर चाललं असतं, हे मला तेव्हा स्वच्छ दिसत होतं. गावाला माझ्याशी काही देणंघेणं नव्हतं, मॅडमचा माझ्यावर विश्वास होता. ती बाई मात्र माझ्याकडे बघत उभी होती, पापणी न हलवता.

"फॉर्म मी लिहिलाय," मी म्हणाले.

"ते माहितीये, ताई," मॅडम म्हणाल्या.

"नाही मॅडम. उत्तरही मीच लिहिलंय."

"म्हणजे?"

"मी या गावाला आलेच नव्हते."

"किती फॉर्म?"

"सतरा."

मॅडमनी फाईल मिटली. मग त्यांनी हळू आवाजात विचारलं, "आणि ती पिवळा म्हणणारी?"

"ती आजी माझी."

"तिला तरी विचारलं होतं?"

"ती वारून नऊ वर्षं झाली."

आधी आबा हसले, मग सगळी खोली. मी मान वर केली नाही. एवढं निघालंच आहे तर म्हणून मी त्या कुंकू म्हणणाऱ्या बाईचंही सांगून टाकलं, की खरं उत्तर मला मिळालं होतं आणि ते मी सुधारलं.

मागून एक म्हातारा म्हणाला, "आबा, हौसीला बत्तीचं सांगितलं तरी हुतं का कुनी?" मग निघालं ते असं: पेटी बसवताना कंपनीच्या माणसानं बत्तीचं आबांना सांगितलं होतं. आबांनी ग्रामसेवकाला सांगितलं होतं. ग्रामसेवक त्या दिवशी साताऱ्याला मीटिंगला गेले होते. पेटीवर चिकटवलेला कागद हौसाबाईला वाचता येत नव्हता.  आबा म्हणाले, "ऱ्हाऊ द्या हौसीला. मोटर मातुर कंपनीनं भरून द्यायची."

परतीच्या एसटीत मॅडम खिडकीपाशी बसल्या. विटा येईपर्यंत फाईलची दोरी बांधत-सोडत राहिल्या. मला वाटत होतं, ओरडतील तर बरं. विट्याला गाडी थांबली तेव्हा म्हणाल्या, "मला लालच करायचा होता दिवा. तुम्ही मला हवं तेच आणून दिलंत, म्हणून मी काही विचारलंच नाही." मग खिडकीबाहेर बघायला लागल्या. त्यांची समजूत कशी घालावी हे मला सुचलं नाही. घालणारी मी कोण.

साहेबांनी मला बोलावून घेतलं. "शालन, पाच वर्षं तू चहा केलास, कधी तक्रार नाही. मेधानं तुला शास्त्रज्ञ केलं आणि मोटर जळली." मला वाटलं, काढलंच. पण मॅडम म्हणाल्या, वीसच्या वीस फॉर्म पुन्हा भरायचे आहेत आणि ते शालनताईच भरतील. पहिला फॉर्म हौसाबाईचा.

ती शिक्षा होती की भरवसा होता, हे मी कधी विचारलं नाही.

हौसाबाईच्या घरी गेले तेव्हा ती चुलीपुढे भाकरी करत होती. मी दारातच उभी राहिले. बोलायचं ठरवून आले होते ते सगळं गेलं.

"ये की आत," ती म्हणाली. "त्या दिशी सतरा जणीत घातलंस मला. आता एकलीला इचार. खाती का काय म्या तुला?"

मी बसले आणि पहिल्यापासून एकेक प्रश्न विचारला. दिव्याचं निघालं तशी ती म्हणाली, "बत्ती बघाय येळ कुनाला हाय? मोटर चालू केली की म्या शेरडांमागं. पेटीकडं पाठ आसती माझी. कानाला कळंल आसं कायतरी करा." आठ प्रश्नांच्या फॉर्ममध्ये कानाचं कुठेच नव्हतं. ते मी मागच्या बाजूला लिहिलं. पुढे बाकीच्या गावांतही बायकांनी निरनिराळ्या शब्दांत हेच सांगितलं आणि आमच्या पेटीला घंटा बसली. साहेब ती घंटा गिऱ्हाइकांना मोठ्या ऐटीत वाजवून दाखवायचे. कल्पना कुणाची, असं कुणी विचारलं की म्हणायचे, "आमच्या रिसर्चची." मी तेव्हा चहा देत असायचे.

पण त्या दिवशी हौसाबाईनं मला सुखासुखी सोडलं नाही. भाकरी तव्यावर टाकून म्हणाली, "काय काय लिवलंस, वाच."

मी वाचत गेले, ती हुंकार देत होती. शेवटचा प्रश्न होता, पेटी वापरताना भीती वाटते का? त्यावर ती मघाशी काही बोलली नव्हती, नुसती हसली होती. मी 'नाही' लिहिलं होतं. सतरा फॉर्ममध्येही मी तेच लिहिलं होतं.

"न्हाई कुठं म्हटलं म्या?" तिनं विचारलं.

"हसलात, म्हणून मला वाटलं..."

"तुला परत वाटाय लागलं व्हय?" ती चुलीतलं लाकूड मागे ओढत म्हणाली. "मोटर जळल्यापासनं बटनाला हात लावायच्या आदी छातीत धडधडतंय. परत जळली तर काम जाईल. काम गेलं तर कुनाच्या दारात जाऊ? पोरास्नी तर माझी आठवण न्हाई. लय भ्या वाटतंय. लिव्ह."

मी 'नाही' खोडलं. तिनं सांगितलं तसंच, तिच्याच शब्दांत लिहायला लागले. काम, दार, पोरं, सगळं. एका ओळीची जागा होती, मजकूर कडेनं वर चढत गेला. ती भाकरी उलटायची थांबून माझ्या हाताकडे बघत होती.

"वाच आता."

मी वाचलं. तिनं तव्याच्या बुडाला अंगठा घासला, काळा करून घेतला आणि म्हणाली, "कुठं लावायचा, दाव."